बरडावरून कुंडीत

वामनवृक्षासाठी रानातले झाड उचलणे ही बोन्सायच्या कलेतील सर्वांत जुनी वाट आहे. बी पेरून किंवा कलम करून वाढवलेल्या झाडाला जाड बुंधा, भेगाळलेली साल आणि अंगावर वयाच्या खुणा यायला वीस-तीस वर्षे सहज लागतात. रानात हे काम ऊन, वारा, गुरे, वणवा आणि कुऱ्हाड यांनी आधीच केलेले असते. तबकात झाड मांडण्याची रीतही जुनीच: चीनमध्ये राजपुत्र झांगहुआईच्या इ. स. ७०६ मधील कबरीच्या भिंतीवर एक चित्र आहे. त्यातल्या सेवकाच्या हातातील तबकात लहान दगड आणि रोपे मांडलेली दिसतात. जपानी लोक डोंगरातून आणलेल्या अशा झाडांना ‘यामादोरी’ म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या डोंगरांतून जुनिपरची झाडे याच कामासाठी उचलली जातात, आणि तिथल्या सरकारी वनांत त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. विदर्भातल्या वर्धा जिल्ह्यात या कामाला स्वतःचे नियम आहेत. ते तिथल्या जमिनीने, उन्हाने आणि शेतीच्या रीतीने घालून दिले आहेत.

जमीन आणि ऊन

वर्धा जिल्हा म्हणजे वाळवंट नव्हे. वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा मृग ते हस्त या नक्षत्रांत पडून जातो. अवकाळीच्या एखाद-दुसऱ्या सरी सोडल्या तर उरलेले आठ महिने कोरडे असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि २५ मेपासूनच्या नवतपात उष्ण वारा पानांतले पाणी अक्षरशः ओढून घेतो. झाडाच्या दृष्टीने पावसाच्या बेरजेपेक्षा हा कोरडा काळ महत्त्वाचा असतो, कारण त्यातून तरायचे की वाळायचे हे मुळांवर ठरते.

मुळांना मिळणारी जमीन दोन प्रकारची आहे. वर्धा, वेणा, धाम, बोर आणि यशोदा या नद्यांच्या काठची काळी जमीन खोल आणि भारी. तिच्यातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू तालुक्यांतल्या टेकड्यांवर आणि पठारी भागांवर मात्र बरड जमीन आहे. वरती वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. या दगडाच्या सांध्यांतून मूळ जिथे वाट सापडेल तिथे शिरते, वाट बंद झाली की वळते आणि जाड होते. वामनवृक्षासाठी जो बुंधा आणि मुळांचा पसारा हवा असतो, तो बहुधा बरडावरच सापडतो.

झाड लहान कसे राहते

खुरटे झाड म्हणजे दुबळे झाड, ही समजूत या कामात लवकरच गळून पडते. बरडावरचे कमरेएवढे झाड अनेकदा शेजारच्या काळ्या जमिनीतल्या उंच झाडापेक्षा वयाने मोठे असते. ते लहान राहण्याची कारणे ओळखता आली, की त्याचे पुढे काय होईल याचाही अंदाज येतो.

पहिले कारण चराई. आर्वी आणि कारंजा हा गवळाऊ गुरांचा मुलूख आहे. नंदगवळी समाजाने पिढ्यान् पिढ्या ही पांढरी, काटक गुरे इथल्या गवतावर वाढवली, आणि कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडी येथे या जातीसाठी शासकीय प्रक्षेत्र आहे. गुरे आणि त्यांच्या मागून येणाऱ्या शेळ्या कोवळे शेंडे खातात. दरवर्षी शेंडा गेल्यामुळे झाड आडवे पसरते, फांद्यांची गर्दी होते आणि बुंधा मात्र जाड होत राहतो. दुसरे कारण धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, तोड. पेरणीआधी शेतकरी धुऱ्यावरची बोर, पळस आणि बाभूळ जमिनीलगत तोडतो. पिकावर सावली पडू नये हा एक हेतू आणि कुंपणाला बोराट्या मिळाव्यात हा दुसरा. तोडलेल्या जागेभोवती नवे फुटवे येतात, पुढच्या वर्षी तेही जातात, आणि जमिनीच्या पातळीवर गाठीगाठींचा रुंद बुंधा तयार होतो. तिसरे कारण वणवा. मोहफुले वेचायला जागा स्वच्छ व्हावी म्हणून लावलेली आग पसरते, वरचा भाग जळतो आणि जमिनीखालचा जिवंत भाग पुन्हा फुटतो.

अशा झाडाचे वय सांगणे अवघड असते. सागासारख्या मोजक्या झाडांत वर्षवलये स्पष्ट उमटतात. बोर, वड किंवा हिवर यांच्यात ती भरवशाची नसतात. शेताचा मालक किंवा गुराखी ‘आजोबांच्या वेळेपासून हे खुंट इथंच आहे’ असे सांगतो, तेव्हा तीच त्या झाडाची सर्वांत विश्वसनीय नोंद असते.

कोणती झाडे साथ देतात

या जिल्ह्यात सर्वांत हमखास जगतात ती उंबरवर्गातली झाडे: वड, पिंपळ, उंबर आणि पाखर. हरियाल, बुलबुल, मैना आणि वटवाघळे यांची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी जुन्या विहिरींच्या दगडी सांध्यांत, वाड्यांच्या भिंतींत आणि पुलांच्या कठड्यांवर पडते. तिथे मातीचा कण नसतानाही रोप तग धरते, कारण या वर्गातल्या झाडांना मूळ आणि खोड या दोन्हींत पाणी साठवता येते. वाढत्या मुळांनी विहिरीचे बांधकाम उकलते, म्हणून मालक ते झाड पुन्हा पुन्हा तोडतो. अशा झाडाला जिथे आहे तिथे भवितव्य नसते आणि ते काढल्याने विहीर वाचते. संग्रहासाठी यापेक्षा निर्मळ जागा दुसरी नाही. जवळपास उघड्या मुळांनी काढलेला वडाचा खुंटही योग्य वेळी लावला तर फुटतो.

चिंच दुसऱ्या क्रमांकावर येते. बारीक पर्णिका, सावकाश वाढ आणि लवकर खडबडीत होणारी साल या तिन्ही गुणांमुळे ती भारतीय वामनवृक्षांत मानाची ठरली आहे. हिवराची फिकट साल आणि छत्रीसारखा पसारा मोहक असतो, पण त्याचे सोटमूळ खोल जाते. बोरीचेही तसेच. बी रुजल्यावर पाने नीट दिसायच्या आधीच तिचे मूळ खाली धावलेले असते, म्हणून मोठी बोर एका दमात उपटली तर ती सहसा दगावते. बाभळीच्या बाबतीत अपयशाचे प्रमाण इतके असते, की तिला जागेवरच राहू देणे उत्तम. वेडी बाभूळ मात्र परदेशातून आलेली आणि पडीक जागा बळकावणारी असल्यामुळे ती काढण्यात कोणाचेच नुकसान नाही. तोडल्यावर ती जोमाने फुटते आणि नवख्या हाताला तिच्यावर शिकता येते.

सालई आणि मोईन यांच्या बाबतीत खोदाईची गरजच नसते. पाने गळालेली असताना मनगटाएवढी फांदी कापून जमिनीत रोवली तर ती मुळे धरते. गावोगावी कुंपणासाठी हे केले जातेच. वडाची किंवा पिंपळाची वळणदार फांदी हवी असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला गुटी कलम बांधावे. सालीचे दोन-तीन बोटे रुंद कडे काढून, त्यावर ओले शेवाळ आणि प्लास्टिक गुंडाळले, की दोन-तीन महिन्यांत मुळे दिसू लागतात. तयार खोड मिळते आणि मूळ झाड जागेवर राहते. जिथे गुटीने काम भागते तिथे कुदळ उचलू नये, ही शिस्त या कामात लवकर अंगी बाणवावी लागते.

बिब्याचे झाड ओळखता येणे ही सुरक्षिततेची बाब आहे. त्याचा चीक अंगावर उडाला तर फोड येतात आणि ते बरेच दिवस राहतात. दगडांच्या खाचांत घोणस, फुरसे आणि विंचू असू शकतात. म्हणून हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहणे आणि जाड चामड्याचे बूट वापरणे आवश्यक असते. विहिरीच्या भिंतीवरचे झाड काढताना काठावर दोर धरणारा दुसरा माणूस असल्याशिवाय उतरू नये.

कोणती झाडे उचलायची नाहीत

कायद्याची रेषा इथे स्पष्ट आहे आणि ती झाड पाहण्याच्या आधी पाहावी लागते. बोर अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तिथून काडीही आणता येत नाही. राखीव आणि संरक्षित वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू आहे. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, चंदन, मोह, चिंच, आंबा, खैर, ऐन, अंजन, जांभूळ, बीजा अशी झाडे आहेत. ती खासगी शेतात असली तरी परवानगी लागते. नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण अधिनियम आहे आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

विदर्भात आणखी एक प्रकारची जमीन आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या महसुली कागदपत्रांत बरड, झुडपांनी भरलेल्या जमिनींची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. मोठी झाडे येत नाहीत म्हणून त्या निकृष्ट मानल्या गेल्या. वामनवृक्षाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला मात्र सर्वांत मोहात पाडणारी झाडे याच जमिनीवर भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजीच्या निकालात झुडपी जंगल हे वनच असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे सात-बारा उतारा न पाहता मोकळ्या दिसणाऱ्या माळावर खोदणे हा गुन्हा ठरू शकतो. कायद्याच्या पलीकडेही या निकालामागे समजूत आहे. बरडावरचे खुरटे झाड माती धरून ठेवते, त्याच्या आडोशाला गवत रुजते आणि कोल्ह्या-सशांना थारा मिळतो. ते झाड उचलल्यावर तिथे लगेच दुसरे येत नाही.

काही झाडे लोकांच्या मनातल्या कायद्याने राखली जातात. शिवेवरच्या माता मायजवळचा निंब, मुंजाचा पिंपळ, दत्ताचा म्हणून पूजलेला उंबर यांना हात लावायचा नसतो. तेंदू, मोह आणि चार यांवर तर घरे चालतात. तेंदूपत्त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या खुटकटनीमुळे, म्हणजे छाटणीमुळे, तेंदूची झुडपे ठेंगणी आणि बुंध्याशी जाड दिसतात. ती आपल्याला नेण्यासारखी वाटतात, पण त्यांच्यावर कोणाचा तरी हंगाम अवलंबून असतो.

मग उरते काय? विहिरी आणि भिंतींवरची झाडे. मालकाने धुरा मोडायचा ठरवला म्हणून जाणारी बोर. मुरमाच्या खाजगी खदानीच्या तोंडावरचे झाड. घर पाडताना निघणारी जुनी मेंदी किंवा बोगनवेल. आणि रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या आखणीत आलेली झाडे. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून गेला आणि त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्गाचे कामही याच काळातले. अशा आखणीत जमीन साफ होते तेव्हा मोठ्या झाडांची गणना होते, पण गुडघ्याएवढ्या जुन्या खुंटाची नोंद कुठेच नसते. मोठ्या झाडांचे मोल वर्धेकरांना ठाऊक आहे. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा नागरिकांनी आंदोलन उभारले. लहान झाडांसाठी उभे राहणारे कोणी नसते. जमीनमालकाची किंवा संबंधित खात्याची लेखी संमती घेऊन यंत्र येण्याआधी त्यांतले जे काढता येईल ते काढणे, हा संग्रहाचा सर्वांत सार्थ प्रकार आहे.

वेळ

पुस्तकांत सांगितलेला वसंतातला हंगाम वर्धेत जसाच्या तसा चालत नाही. इथली पानझडी झाडे माघ-फाल्गुनात पाने टाकतात आणि पाऊस यायच्या कितीतरी आधी, ऐन उन्हात, साठवलेल्या पाण्यावर नवी पालवी काढतात. त्या वेळी झाड उचलले तर फूट येते, पण पाठोपाठ एप्रिल-मे येतो आणि नव्या मुळांना वेळच मिळत नाही. पहिल्या पावसात घाई करणेही धोक्याचे. मृगाच्या सरींनी माती वरवर भिजते, हवा तापलेलीच असते आणि पाऊस दडी मारतो. आर्द्रा आणि पुनर्वसू, म्हणजे जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा, हा काळ बहुतेक झाडांना मानवतो. आकाश झाकलेले असते, हवेत दमटपणा असतो आणि हिवाळ्याआधी तीन-चार महिन्यांची वाढ मिळते.

मातीची अवस्थाही पाहावी लागते. सुक्या काळ्या जमिनीत कुदळ उसळते आणि भिजलेल्या जमिनीत ती चिखलात रुतते. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर असून हाताला चिकटत नाही तेव्हा, मुळांभोवतीची हुंडी अखंड निघते. कापूस आणि तुरीची पेरणी वाफशावर करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. झाड काढण्याच्या दिवसाबाबत त्याचा सल्ला निमूट ऐकावा.

खोदाई

वेळ हाताशी असेल तर खोदाईची तयारी दोन पावसाळ्यांत विभागावी. पहिल्या वर्षी बुंध्यापासून, त्याच्या जाडीच्या तीन-चार पट अंतरावर, अर्धवर्तुळाकार चर खणायचा. त्यात येणारी जाड मुळे करवतीने स्वच्छ कापायची आणि चरात चाळलेला मुरूम, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी वाळू भरायची. कापलेल्या टोकांपासून त्या भुसभुशीत थरात बारीक तंतुमुळे येतात. दुसऱ्या वर्षी उरलेले अर्धे वर्तुळ, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात सोटमूळ कापून झाड उचलायचे. झाड जगते ते या तंतुमुळांवर. जाड मुळे आधार देतात आणि अन्न साठवतात, पाणी मात्र बारीक मुळेच पितात. बोर आणि हिवर यांच्यासारख्या खोल मुळांच्या झाडांना या दोन वर्षांच्या तयारीशिवाय हात लावू नये.

हत्यारे साधीच लागतात: सब्बल, टिकास, फावडे, दाताची बारीक करवत, सिकेटर, गोणपाट आणि सुतळी. कुऱ्हाडीने मूळ तोडले की टोक चिरते आणि कुजते, म्हणून शेवटचा काप करवतीचाच हवा. वरचा पसारा मुळांच्या प्रमाणात कमी करावा, पण सगळ्या फांद्या उडवू नयेत; जिथे डोळे आहेत तिथपर्यंत फांदी राखावी. मुरमाड जमिनीत हुंडी टिकत नाही. तिथे मुळे उघडी पडताच ओल्या गोणपाटात गुंडाळावी लागतात, कारण वर्धेच्या वाऱ्यात तंतुमुळे काही मिनिटांतच सुकतात. मोठ्या कापांना बोर्डो मलम लावावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण आर्वी, आष्टी आणि कारंज्याच्या संत्रा बागायतदारांच्या हातातले आहे, त्यामुळे तो मिळवायला लांब जावे लागत नाही. काम झाल्यावर खड्डा बुजवून जमीन सपाट करणे हा या कामाचाच भाग आहे. उघडा खड्डा गुरांचा पाय मोडतो.

पहिले वर्ष

आणलेले झाड लगेच उथळ कुंडीत बसवायचे नसते. ते आधी लाकडी खोक्यात किंवा रुंद, खोल कुंडीत विसावते. मिश्रणात काळी माती अजिबात नको. कुंडीत ती दगडासारखी आवळते. चाळलेला मुरूम, विटांचे तुकडे, थोडा कोळशाचा चुरा आणि मुरलेले शेणखत असे भरड मिश्रण घेतले तर पाणी झरझर निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. मुरूम चाळून त्यातली धूळ काढणे कंटाळवाणे असते, पण पहिल्या पावसाळ्यात कुजणाऱ्या मुळांमागे बहुतेक वेळा हीच धूळ असते. झाड हलू नये म्हणून ते दोरीने किंवा तारेने खोक्याला घट्ट बांधावे, कारण प्रत्येक हेलकाव्यात नवी तंतुमुळे तुटतात.

त्यानंतरचे तीन-चार महिने संयमाचे असतात. झाड सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवायचे आणि खोडाभोवती पारदर्शक प्लास्टिक सैल बांधून दमटपणा राखायचा. दोन-तीन आठवड्यांत पालवी दिसली की आनंद होतो. पण ही पालवी खोडात साठलेल्या अन्नपाण्यावर आलेली असते. खाली एकही नवे मूळ नसताना ती येऊ शकते. याच टप्प्यावर झाड उन्हात ठेवले, खत घातले किंवा उकरून पाहिले तर ते महिनाभरात माना टाकते. पहिली पालवी पक्की होऊन तिच्यामागून दुसरी फूट आली, किंवा खोक्याच्या भोकांतून पांढरी मुळे दिसली, तरच झाड लागले असे मानावे. तोपर्यंत पाणी बेताने द्यावे, कारण पाने नसलेले झाड फारसे पाणी पीत नाही.

पाण्याची जातही पाहावी लागते. बेसाल्टच्या थरांतून येणारे कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यातला चुना मिश्रणात साठतो, मुळांना लोह घेता येत नाही आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. पावसाळ्यात छपरावरचे पाणी टाकीत साठवून ते निदान नव्या झाडांसाठी राखले तर हा त्रास टळतो.

उन्हाळे

आणलेले झाड जगले की नाही, हे पहिला उन्हाळा पार पडल्यावरच कळते. बरडावर त्याच झाडाने कितीतरी उन्हाळे कोणाच्याही मदतीविना काढलेले असतात, कारण त्याची मुळे दगडाच्या सांध्यात, गारव्यापर्यंत पोहोचलेली होती. कुंडीत ती वीतभर मिश्रणात आहेत आणि ते मिश्रण मे महिन्याच्या दुपारी चटका बसेल इतके तापते. काटक म्हणून नावाजलेले झाड इथे नाजूक होते. पावसावर जगणाऱ्या जिवाला माणसाच्या हातावर आणणे, हा झाड उचलण्याचा खरा अर्थ आहे. म्हणून झाड काढण्याची योग्यता कुदळीच्या कौशल्यावर ठरत नाही. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला घरात कोणी आहे का, यावर ती ठरते.

व्यवहारात काही उपाय कामाला येतात. गच्चीवरच्या सिमेंटवर कुंडी थेट ठेवू नये. विटांवर किंवा ओल्या वाळूच्या थाळ्यात ठेवावी. मार्चच्या मध्यापासून हिरवी जाळी बांधावी आणि पश्चिमेची बाजू वाळ्याच्या टट्टीने किंवा ओल्या गोणपाटाने झाकावी. कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत बसवून मधल्या जागेत वाळू भरली तर मुळांचे तापमान लक्षणीय उतरते. बिनझिलईची, भाजलेल्या मातीची कुंडी पाझरते आणि गार राहते. जिल्ह्यातले कुंभार सांगितलेल्या मापाची रुंद, उथळ परळे आणि कुंड्या करून देतात. तळाला नीट भोके पाडून घेतली की झाड घडवण्याच्या काळात त्या चकचकीत कुंड्यांपेक्षा सरस ठरतात. गावाला जायचे असेल तर शेजाऱ्याला पाणी घालायचे काम सांगून भागत नाही. ते त्याच्याकडून आधी चार दिवस करून घ्यावे लागते.

आकार

तार बांधण्याची आणि छाटणीची घाई दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तरी करू नये. पानांनी मुळे वाढवायची असतात, आणि पहिल्या वर्षी छाटलेला प्रत्येक शेंडा मुळांच्या वाढीतून वजा होतो. आकार ठरवताना जपानी पाइनची चित्रे समोर ठेवली तर वडाचा वड राहत नाही. हिवराचा सपाट छत्रीसारखा माथा, चिंचेचा भरगच्च घुमट, पिंपळाची उभी चण, वडाच्या पारंब्या आणि बोरीच्या खाली झुकणाऱ्या फांद्या हे या भूमीचे आकार आहेत. ते शेतात आणि पांधणीच्या कडेला पूर्ण वाढलेल्या झाडांवर पाहून ठेवावेत. चराईने आडवे झालेले, तोडीने गाठाळलेले खोड सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. त्याच खुणांसाठी ते निवडलेले असते.

जपानी पद्धतीत जुनिपरचे वाळलेले खोड तसेच राखून शोभा वाढवतात. वर्धेत हे जपून करावे लागते. पावसाळ्याच्या दमटपणात इथल्या बहुतेक झाडांचे मेलेले लाकूड कुजते आणि त्याला वाळवी लागते. चिंचेचे किंवा बोरीचे जुने, गाभ्याचे लाकूड तुलनेने टिकते. वडा-पिंपळाचे टिकत नाही, म्हणून त्यांचे मेलेले भाग काढून जखम भरू द्यावी.

सर्व काळजी घेऊनही काही झाडे कुंडीत रमत नाहीत. पाने दरवर्षी लहान होत जातात, फांद्या शेंड्याकडून वाळतात आणि नवी मुळे येत नाहीत. अशा झाडाला कुंडीत झिजवत ठेवण्यापेक्षा आर्द्रा नक्षत्रात जमिनीत उतरवावे. मूळ मालकाची तयारी असेल तर त्याच्याच धुऱ्यावर, नाहीतर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, मुरूम आणि शेणखत घातलेल्या खड्ड्यात लावून पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी द्यावे. कुंडीत अडलेली वड-पिंपळाची झाडे जमीन मिळताच बहुधा जोम धरतात. रानातून झाड आणताना घेतलेली जबाबदारी अशा पुनर्लागवडीनेही पूर्ण होते, आणि ती सोय आधीच पाहून ठेवणे हा संग्रहाच्या नियोजनाचा भाग असायला हवा.